वारा, शीड आणि दोर

शिडाचे जहाज वाऱ्यावर चालते हे लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु ते वारा नेईल तिकडेच जाते अशी जी आपली, म्हणजे घाटावरच्या माणसांची, समजूत असते ती मात्र खरी नव्हे. तसे असते तर दक्षिणेच्या वाऱ्याबरोबर मालवणहून मुंबईस निघालेले गलबत उत्तरेचा वारा सुटेपर्यंत मुंबईतच अडकून पडले असते, आणि कोकणचा नारळ, तांदूळ, कौले, लाकूडफाटा शेकडो वर्षे समुद्रमार्गे ये-जा करू शकला नसता. जहाज वाऱ्याला पाठ देऊन पळते, वारा कुशीवर घेऊन धावते, आणि काही मर्यादेपर्यंत वाऱ्याच्या तोंडावरही चढते. ही मर्यादा किती, हाच शिडांच्या साऱ्या इतिहासातला मुख्य प्रश्न आहे. निरनिराळ्या देशांत शिडांचे जे निरनिराळे प्रकार निघाले ते शोभेसाठी निघाले नाहीत. आपल्या किनाऱ्यावर वारा कसा वाहतो, जहाजावर माणसे किती मिळतात आणि वाटेत शत्रू कोणता भेटतो, या तीन गोष्टींना त्या त्या लोकांनी दिलेली ती उत्तरे आहेत.

आता वारा समोरून, किंवा अधिक नेमके बोलायचे तर तिरपा समोरून, येत असता जहाज पुढे कसे सरकते ते पाहू. आंबा चोखून झाल्यावर ओली कोय अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत दाबली तर ती दाबाच्या दिशेने न जाता भलतीकडे, पुढे सटकते. हा अनुभव प्रत्येकाने घेतलेला आहे. बोटांचा दाब दोन्ही बाजूंनी आडवा असतो, कोयीची गती मात्र त्या दोन्ही दाबांना सोडून तिसऱ्याच दिशेस असते. शिडाच्या जहाजाचेही असेच होते. एका बाजूने वारा शिडावर दाब आणतो. दुसऱ्या बाजूने पाणी जहाजाच्या बुडाला आडवे सरू देत नाही. जहाजाचे बूड लांबट आणि खाली धारेसारखे निमुळते असल्यामुळे पाणी कापीत पुढे जाणे त्याला सोपे, पण आडवे घसरणे कठीण. या दोन दाबांच्या चिमटीतून ते पुढे सटकते. म्हणून पाण्याखालचा भाग हा शिडाचा अर्धा भागीदार आहे असे समजावे. ताटासारखी सपाट बुडाची होडी असेल तर तिच्यावर कितीही उत्तम शीड चढवा, ती आडवी वाहातच जाणार.

कोयीचा दाखला सोयीचा असला तरी त्याने सारे उलगडत नाही. ताणून धरलेले शीड सपाट नसते, त्याला थोडा फुगीर बाक असतो. वारा त्याच्या दोन्ही अंगांनी वाहतो. बाहेरच्या फुगीर अंगावरून जाणारा वारा अधिक वेगाने जातो आणि तेथला हवेचा दाब कमी होतो. म्हणजे शीड नुसते मागून ढकलले जात नाही, पुढून ओढलेही जाते, आणि बारीक हिशेब केला तर ओढीचा वाटा ढकलण्याहून मोठा भरतो. विमानाचा पंख ज्या नियमाने विमान उचलून धरतो तोच हा नियम. फरक इतकाच की पंख आडवा आणि शीड उभे. गंमत अशी की विमान उडण्याच्या कितीतरी शतके आधी, नियम कोणालाही ठाऊक नसताना, खलाशी या पंखाचा बाक दोर सैल करून आणि ताणून अचूक साधीत होते.

वाऱ्याच्या अगदी नाकासमोर मात्र कोणतेही शीड जाऊ शकत नाही. तेथे शीड फडफडते आणि जहाज थबकते. म्हणून समोरच्या वाऱ्यात नागमोडी जावे लागते: काही वेळ वारा उजव्या अंगावर घेऊन, मग तोंड फिरवून काही वेळ डाव्या अंगावर घेऊन. आडव्या परबाणाची चौकोनी शिडे लावलेले जहाज वाऱ्याच्या दिशेपासून सुमारे साडेसदुसष्ट अंशांहून अधिक जवळ जाऊ शकत नसे. समजा, वाऱ्याच्या दिशेने सरळ दहा मैल पुढे जायचे आहे. तर या जहाजाला नागमोडी वाटेने सव्वीस मैल कापावे लागत, आणि आडवे घसरणे धरले तर त्याहूनही जास्त. पंचावन्न-साठ अंशांपर्यंत चढणाऱ्या तिकोनी शिडाच्या गलबताला तेच अंतर सतरा ते वीस मैलांत उरकता येते. आजच्या शर्यतीच्या नौका पंचेचाळीस अंशांच्याही आत जातात. त्यांना हाच प्रवास चौदा मैलांचा. सव्वीस आणि अठरा यांतला फरक कागदावर आकड्यांचा दिसतो; पाठलाग चालू असता तो फरक जीव वाचण्याचा आणि जाण्याचा असे.

सर्वांत जुने शीड चौकोनी. डोलकाठीवर आडवे लाकूड टांगायचे (याला आपल्याकडे परबाण म्हणतात) आणि त्याला कापड बांधून खाली सोडायचे. यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाच्या, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे आणि काठ्यांना ताणून धरणारे दोरही नाणे पाडणाऱ्याने विसरून न जाता दाखविले आहेत. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात पूर्णाच्या कथेच्या चित्रात तीन डोलकाठ्यांचे जहाज आहे. त्याची शिडे रुंदीपेक्षा उंचीने जास्त आहेत, आणि सुकाणूच्या जागी बाजूला मोठी वल्ही आहेत. सोपारा, कल्याण, चौल ही बंदरे पहिल्या शतकातल्या ग्रीक ‘पेरिप्लस’मध्ये आली आहेत. तांबड्या समुद्राकडून त्या बंदरांना येणारी भूमध्य-पद्धतीची जहाजेही चौकोनी शिडांचीच असत. त्यांना वाऱ्यावर चढण्याची फारशी गरजच नव्हती. नैर्ऋत्येचा मोसमी वारा ओसरत आला असता त्याच्याबरोबर यायचे आणि हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्याबरोबर परत जायचे. निसर्गानेच सहा महिन्यांनी वारा फिरवून दिला तर माणसाने शीड कशाला फिरवावे?

पाठीमागून वारा असताना चौकोनी शिडासारखे दुसरे शीड नाही. अटलांटिक आणि पॅसिफिक महासागरांत ज्या पट्ट्यांत वारे महिनोन् महिने एकाच दिशेने वाहतात तेथे त्याचे राज्य झाले. जहाजे मोठी होत गेली तसे एकच प्रचंड शीड आवरणे माणसांच्या हाताबाहेर गेले. म्हणून युरोपीय जहाजबांधणाऱ्यांनी एका डोलकाठीवर एकावर एक अशी तीन, चार, पाच शिडे चढविली आणि काठीसुद्धा तुकडे जोडून उंच केली. वारा वाढला की वरची शिडे आधी गुंडाळायची. हे गुंडाळण्याचे काम कसे चाले याची कल्पना आपणास असलेली बरी. परबाणाच्या खाली एक दोर लोंबत असे. त्या दोरावर पाय, परबाणावर पोट, आणि दोन्ही हात कापडात. खाली जहाज एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झुलत आहे, रात्र आहे, कापड भिजून लाकडासारखे ताठ झाले आहे. एक हात जहाजासाठी आणि एक हात स्वतःसाठी, असे खलाशांत म्हणत. परंतु या कामाला दोन्ही हात लागत, स्वतःसाठी तिसरा हात देवाने दिलेला नव्हता. दर सफरीत माणसे पडत आणि त्यांची नावे जहाजाच्या रोजनाम्यात एका ओळीत संपत.

अशा जहाजांपैकी एक आपल्या मुंबईत बांधलेले अजून पाण्यावर तरंगत आहे. वाडियांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानाने बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरले. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. दोनशे वर्षे सागवान टिकले याचे आपल्याला कौतुक वाटते, ते योग्यच. पण त्याच्या तीन डोलकाठ्यांवरचा दोरांचा पसारा पाहिला की त्या गोदीतले सुतारच नव्हे तर दोर वळणारेही कोणत्या तोडीचे असले पाहिजेत हे ध्यानी येते. चहाची वाहतूक करणारे ‘कटी सार्क’ हे वेगवान जहाज १८६९ सालचे. त्याच्यावर सुमारे बत्तीस हजार चौरस फूट कापड चढे. त्याच वर्षी नोव्हेंबरात सुवेझचा कालवा खुला झाला. कालव्यात आणि तांबड्या समुद्राच्या चिंचोळ्या पट्टीत चौकोनी शिडांना वाव नव्हता, आगबोटींना होता. चहाचा धंदा थोड्याच वर्षांत शिडांच्या हातून गेला.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. अरबी समुद्रातल्या गलबतांचे शीड चौकोनी नव्हे. डोलकाठीला परबाण आडवे न टांगता तिरपे टांगायचे, त्याचे पुढचे टोक जहाजाच्या नाळेजवळ खाली आणि मागचे टोक आकाशात उंच, आणि त्याला मोठे तिकोनी शीड. कोकणात आणि अरबस्तानात बहुधा त्याचा पुढचा कोपरा थोडा छाटलेला असतो, म्हणजे काटेकोर म्हटले तर ते चौकोनच. परंतु त्याची वागणूक तिकोनाची. शिडाचा मागचा मोकळा कोपरा ज्या दोराने ओढून धरतात तो दामण. दामण सैल केला की शीड बाहेर जाते, ताणला की आत येते; हाकणाऱ्याचे अर्धे कसब त्या एका दोरात असते. डोलकाठी सरळ उभी नसून पुढे झुकलेली असते, त्यामुळे परबाण काठीपासून मोकळे राहते. युरोपात या शिडाला लॅटिन शीड म्हणतात. ते अरबांनी भूमध्य समुद्रात नेले असे पूर्वी पुस्तकांतून सांगत असत. परंतु भूमध्य समुद्रात ते इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतच, म्हणजे अरबांच्या विस्ताराच्या पुष्कळ आधी, दिसू लागते, असे आता शिल्पे आणि चित्रे यांच्या आधारे बहुतेक अभ्यासक मानतात.

हे शीड कोकणाला का मानवले? याचे उत्तर किनाऱ्याच्या नकाशात आहे. किनारा उत्तर-दक्षिण, एका अंगाला सह्याद्री, दुसऱ्या अंगाला समुद्र. पावसाळा सोडला तर येथे रोजचा वारा दोन प्रकारचा. पहाटे जमीन गार झालेली असते, तेव्हा मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. दुपारी जमीन तापली की खारा वारा समुद्रावरून, पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून, आत येतो. गलबताला जायचे असते उत्तरेस किंवा दक्षिणेस. म्हणजे वारा बहुतेक वेळ कुशीवर किंवा थोडा समोरून. पाठीवरच्या वाऱ्याचे शीड येथे निरुपयोगी. कुशीवरच्या वाऱ्याचे शीड पाहिजे. मुंबईस जाणारा तांडेल मतलईबरोबर पहाटे किनारा सोडून बाहेर सरकत असे आणि दुपारी वायव्येचा खारा वारा लागला की नाळ फिरवून किनाऱ्याकडे तिरपा येत असे. दोन वाऱ्यांच्या दोन पावलांनी दिवसाकाठी पल्ला पडे. घड्याळ नसलेल्या माणसाने घड्याळासारखे काम करावे तसा हा प्रकार होता. आगोटी लागली की हा व्यवहार बंद; गलबते किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारून ठेवायची, ती नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण होईपर्यंत.

या शिडाचे दोष मात्र लपविण्यात अर्थ नाही. परबाण फार लांब, पुष्कळदा खुद्द जहाजाएवढे. एवढे सरळ लाकूड मिळत नाही म्हणून दोन-तीन वासे एकमेकांना दोराने आवळून ते करावे लागते. त्यातून दिशा बदलण्याची अडचण. परबाण डोलकाठीच्या एका बाजूला असते. वारा दुसऱ्या अंगावर घ्यायचा तर ते जड लाकूड, कापडासकट, काठीच्या पुढून पलीकडे न्यावे लागते. नाळ वाऱ्यातून फिरविणे यात साधत नाही, म्हणून जहाजाची पाठ वाऱ्याकडे करून मोठा वळसा घेतात. त्या क्षणी दामण सोडलेला असतो, कापड वाऱ्यावर मोकळे झुलत असते, आणि माणसे ते धरून काठीच्या पुढून धावत असतात. वादळी वाऱ्यात हे करताना कापड हातून सुटले तर माणूस समुद्रात किंवा काठी डेकवर. शीड आखूड करण्याचीही सोय फारशी नाही. म्हणून गलबतावर लहान-मोठी दोन-तीन शिडे ठेवतात आणि वारा वाढला की मोठे उतरवून लहान चढवितात. हे सारे माणसांच्या बळावर. शीड साधे, पण खलाशी पुष्कळ.

मराठ्यांच्या आरमाराचे वर्णन आपण बखरींतून वाचतो तेव्हा गुराब आणि गलबत ही नावे पुन्हा पुन्हा येतात. रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकाराने त्यांची बांधणी बारकाईने लिहून ठेवली आहे. गुराबेला दोन, क्वचित तीन डोलकाठ्या; तीन काठ्यांची गुराब तीनशे टनांपर्यंत; बूड उथळ, रुंदी भरपूर, आणि पुढे नाळेऐवजी लांब बाहेर आलेली सोंड; त्या सोंडेवरून समोर रोखलेल्या दोन तोफा. गलबत लहान, सत्तर टनांच्या आत. त्याच्या मोठ्या काठीवर एकच प्रचंड तिकोनी शीड, ज्याचे टोक उभारल्यावर काठीच्याही वर जाई. आणि चाळीस-पन्नास वल्ही, ज्यांवर ते ताशी चार मैल चाले.

या वर्णनाचा अर्थ लढाईच्या दिवशी कळत असे. इंग्रज जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींवर असत. मागे आणि पुढे जवळजवळ नाहीत. ते जहाज चौकोनी शिडांचे, पाठीवर जोराचा वारा असेल तर कोणालाही न सापडणारे. पण कोकणच्या किनाऱ्यावर सकाळी मतलई मरतो आणि खारा अजून सुटलेला नसतो, अशी मधली शांत वेळ रोज येते. तेवढ्या वेळात ते अवजड जहाज जागच्या जागी डुलत राही, त्याला तोंड फिरविता येत नसे. आंग्र्यांची गलबते मग वल्ह्यांनी गुराबांना ओढीत आणीत आणि नेमकी शत्रूच्या पाठीमागे नेऊन सोडीत, जेथे त्याच्या कुशींवरच्या तोफा पोचत नाहीत. गुराबांचा पहिला मारा जहाजाच्या बुडावर नसे. डोलकाठ्या, परबाणे आणि दोर यांवर असे. एवढे तुटले की पुढे वारा सुटला तरी तो त्या जहाजाच्या उपयोगाचा नसे. मग गलबते माणसे भरून जवळ येत. कान्होजी आंग्रे यांच्या हयातीत, १७१८ साली खांदेरीवर इंग्रजांची आणि १७२१ साली कुलाब्यावर इंग्रज-पोर्तुगीजांची एकत्र मोहीम, या दोन्ही फसल्या. त्यांत किल्ल्यांचा वाटा मोठा होता. परंतु किनाऱ्यावर रोज जहाजे अडविणारे आरमार टिकले ते वारा नसतानाही चालणाऱ्या या बांधणीच्या बळावर. शिडावर सर्वस्वी विसंबू नये हेच या आरमाराचे शहाणपण होते.

हे शहाणपण लेखी स्वरूपातही सापडते. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर एक प्रकरण आहे. जहाजे फार मोठी नकोत, फार लहानही नकोत, आणि वाऱ्यावाचून ज्यांचा काही उपयोग नाही अशी अवजड जहाजे बांधण्याचे कारण नाही, असा त्यातला अभिप्राय. आणखी एक गोष्ट त्यात आहे, ती मला अधिक महत्त्वाची वाटते. आरमाराला तख्ते, सोट आणि डोलाच्या काठ्या यांसाठी थोर लाकूड लागते हे मान्य करून, रयतेने लेकरांसारखी वाढविलेली आंब्या-फणसाची झाडे जोराने तोडू नयेत, अशी ताकीद तेथे दिली आहे. डोलकाठी म्हणजे शेवटी कोणाच्या तरी रानातले एक सरळ वाढलेले झाड, हे राज्यकर्त्याने विसरू नये, एवढी ती दृष्टी. त्या आरमाराचा शेवट वाऱ्यात झाला नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गच्या खाडीत, पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत, तुळाजी आंग्रे यांची जहाजे नांगरलेल्या स्थितीत जळाली.

चौकोनी आणि तिकोनी या दोन घराण्यांचा संकर पोर्तुगीजांच्या जहाजांवर पाहायला मिळतो. आफ्रिकेचा किनारा शोधणारी त्यांची कॅराव्हेल नावाची लहान जहाजे तिकोनी शिडांची होती, कारण परतीला वाऱ्यावर चढावे लागे. १४९८ साली कालिकतला पोचलेल्या वास्को द गामाच्या मोठ्या जहाजांवर मात्र पुढच्या दोन काठ्यांना चौकोनी शिडे आणि मागच्या काठीला तिकोनी अशी विभागणी होती: पुढची पळण्यासाठी, मागचे वळण्यासाठी. पुढे युरोपात याच विभागणीचे शेकडो प्रकार झाले आणि प्रत्येकाला वेगळे नाव मिळाले. ती नावे पाठ करण्याचे कारण नाही. काठ्या मोजाव्या आणि कोणत्या काठीवर आडवी परबाणे आहेत ते पाहावे, म्हणजे जहाज ओळखता येते. तीन काठ्या आणि तिन्हींवर आडवी शिडे असली तर ते पूर्ण शिडांचे जहाज. शेवटच्या काठीवर ती नसली तर बार्क. गोव्यात बांधलेली, १९९७ सालापासून नौदलाच्या छात्रांना शिकविणारी ‘तरंगिणी’ ही अशी तीन काठ्यांची बार्क आहे. २००३-०४ मध्ये तिने पृथ्वीप्रदक्षिणा केली. कोठल्याच काठीवर आडवे परबाण नसले आणि सारी शिडे जहाजाच्या लांबीच्या रेषेत असली तर बहुधा ती स्कूनर. स्कूनरला वर चढणारी माणसे लागत नाहीत, दोर डेकवरूनच ओढता येतात. अमेरिकेत १९०२ साली ‘टॉमस डब्ल्यू. लॉसन’ नावाची सात काठ्यांची स्कूनर बांधली. वाफेच्या रहाटांच्या साह्याने तिला अठराच्या आसपास माणसे पुरत. एवढ्या थोड्या माणसांवर एवढे मोठे जहाज हाकण्याचा लोभ मात्र फळला नाही. १९०७ साली इंग्लंडच्या नैर्ऋत्येस सिली बेटांजवळ ती बुडाली.

चिनी लोकांनी या सर्वांहून वेगळी वाट काढली. त्यांच्या शिडाला बांबूच्या आडव्या कामट्या असतात. वारा वाढला की एक दोर सोडायचा, आणि खिडकीवरचा वेताचा पडदा घडीघडीने खाली यावा तसे शीड आपोआप घडी पडत खाली येते. वर चढायचे नाही, कापडाशी झुंजायचे नाही. कापड फाटले तरी दोन कामट्यांमधला तुकडाच फाटतो. पाश्चात्य खलाशांनी बराच काळ याची चेष्टा केली. १९६० साली अटलांटिक एकट्याने ओलांडण्याची शर्यत झाली तेव्हा ब्लाँडी हॅसलर या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या ‘जेस्टर’ या छोट्या नौकेवर हेच चिनी शीड लावले आणि दुसरा क्रमांक मिळविला. माझ्या मते एकट्या माणसाच्या सोयीचे याहून समंजस शीड अजून निघालेले नाही.

दोरांविषयी थोडे सांगितल्यावाचून विषय पुरा व्हायचा नाही. जहाजावरचे दोर दोन जातींचे. एक जात डोलकाठीला उभी धरणाऱ्यांची. हे दोर एकदा ताणले की हलवायचे नाहीत. दुसरी जात शिडे चढविणाऱ्या, उतरविणाऱ्या, फिरविणाऱ्या दोरांची. हे सतत कप्प्यांतून फिरत असतात. लॅटिन शिडाच्या गलबतावर मात्र परबाण चढविणारा मोठा दोरच मागे आणून बांधतात, म्हणजे तोच काठीला मागून आधारही देतो. कमी दोरांत दुहेरी काम. काथ्याचा दोर अरबी समुद्रात आवडता, कारण तो खाऱ्या पाण्यात कुजत नाही, पाण्यावर तरंगतो आणि झटका बसला तर थोडा ताणला जातो. कापडाचीही अशीच कथा आहे. युरोपात शिडे जवसाच्या आणि तागाच्या जातीच्या धाग्यांची; ती पावसात जड होत आणि ताणून ढिली पडत. कापसाचे घट्ट विणलेले शीड सपाट राहते. १८५१ साली ‘अमेरिका’ नावाच्या नौकेने इंग्लंडच्या नौकांना शर्यतीत हरविले त्याचे एक कारण तिची कापसाची शिडे होती. आज किंतानही गेले आणि काथ्याही गेला. शिडे कृत्रिम धाग्यांची आणि काठीचे आधार पोलादी तारांचे झाले आहेत. पण काठी उभी राहते ती अजूनही त्याच तत्त्वावर: पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी सारखा ताण. त्यांतला एक तुटला तर उरलेलेच काठीला ओढून पाडतात.

आजची बहुतेक नौका एक उंच काठी, तिच्या मागे एक उंच तिकोनी शीड आणि पुढे दुसरे, अशी असते. हा प्रकार बर्म्यूडा बेटांच्या नावाने ओळखला जातो. यातही मुंबई-गोव्याचा हात आहे. १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्यांची ‘सुहैली’ ही बत्तीस फुटांची सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती. ३१२ दिवस ते समुद्रावर होते. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वर कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये चार ठिकाणी थांबून, आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये न थांबता प्रदक्षिणा पुरी केली. तिची जुळी बहीण ‘तारिणी’ २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी जगाभोवती नेली.

अभिलाष टॉमी २०१८ साली जुन्या साधनांच्याच शर्यतीत उतरले. ‘सुहैली’ची प्रतिकृती असलेली त्यांची ‘थुरिया’ही गोव्यातच बांधलेली. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात वादळाने नौका उलथी केली, काठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. मोडलेली काठी दोरांनी नौकेलाच लटकत असते आणि प्रत्येक लाटेबरोबर धडक देत असते. ती तोडून टाकायला उठण्याचीही त्यांची स्थिती नव्हती. नौदलाच्या विमानाने वरून नौका हुडकली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासेमारीवर गस्त घालणाऱ्या एका फ्रेंच जहाजाने त्यांना बाहेर काढले. २०२२ साली ते त्याच शर्यतीला पुन्हा निघाले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले.

मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेली ‘कौंडिण्य’ ही नौका या साऱ्याच्या अगदी दुसऱ्या टोकाची आहे. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून ती गोव्यात बांधली. तिच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. शिडे चौकोनी, सुकाणूच्या जागी वल्ही. चित्रकाराने जहाज एकाच बाजूने रंगविले आहे, तेव्हा बुडाचा आकार, काठ्यांचे आधार, परबाण फिरविण्याचे दोर हे सारे तर्काने ठरवावे लागले आणि बुडाची परीक्षा मद्रासच्या आय. आय. टी.त पाण्याच्या टाकीत घ्यावी लागली. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस, ईशान्येच्या वाऱ्याच्या ऋतूत, ती पोरबंदरहून निघाली आणि जानेवारीत मस्कतला पोचली.